किलोमीटरमागे एक रुपया

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापलं आहे.)



संयोजकांनी सांगितलंय, ‘आयुष्यात काय शिकलात’ यावर प्रत्येकानं पंधरा मिनिटं बोलायचं. सकाळपासून आपल्यातले डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, आपल्या एका मैत्रिणीनं आल्याच्या शेतीवर फार छान सांगितलं. माझ्याकडे ट्रक सोडून सांगण्यासारखं काही नाही. तेव्हा मी ट्रकच्या इंजिनावर बोलणार आहे. जेवणानंतरची वेळ आहे, कुणाला डुलकी लागली तर खुशाल घ्या, फक्त स्टिअरिंगवर घेऊ नका.

दहावीनंतर मी पाच वर्षं किन्नर होतो, मग तेरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. २००६ साली कर्ज काढून स्वतःची दहा टायरची गाडी घेतली. मालक मीच, ड्रायव्हर मीच, हिशेबनीसही मीच. आपल्या देशातले बहुतेक ट्रक अशाच लहान मालकांचे आहेत, कुणाची एक गाडी, कुणाच्या चार-पाच. मोठ्या कंपनीची एक गाडी उभी राहिली तर बाकीच्या शंभर चालू असतात. आमची एक उभी राहिली की सगळा धंदा उभा. बँकेचा हप्ता मात्र कधी उभा राहत नाही.

आता २००९ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. ती मी आजवर घराबाहेर नीट सांगितलेली नाही.

कळंबोलीला लोखंड भरलं, कोल्हापूरला उतरवायचं होतं. माझ्या गाडीला मालासकट २५ टनांची परवानगी. काट्यावर भरलं ३१. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सहा टनांचं जादा भाडं मला दिसत होतं आणि महिन्याचा २६,००० चा हप्ता चार दिवसांवर आला होता. गाडी दोन महिन्यांपासून चढाला गरम होत होती. कराडच्या मिस्त्रींनी सांगितलं होतं की रेडिएटर काढून आतून साफ करू, पंख्याचा पट्टा ढिला झालाय तो बदलू, होसपाइप नवे घालू आणि पाणी काढून कूलंट भरू. सगळं मिळून चार हजारांचं काम, दीड दिवसाचं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला टायर घ्यावे लागले. त्याच्या पुढच्या खेपेला विम्याचा हप्ता आला.

एक कबुली देतो. गाडीच्या पुढच्या लिंबू-मिरच्या मी दर शनिवारी बदलायचो. कूलंट तीन वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. त्यात रस्त्यात मिळेल त्या बोअरचं पाणी ओतायचो. त्या पाण्यातल्या क्षारानं, घरच्या बंबात बसते तशी खर, रेडिएटरच्या नळ्यांत बसली होती.

खोपोलीच्या पुढं बोरघाटात काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली. अर्धा तास थांबायला हवं होतं, मी दहा मिनिटं थांबलो. इंजिन तापलेलं असतानाच कॅनमधलं गार पाणी ओतलं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की काय होतं ते घरातल्या बायकांना विचारा. इंजिनाचं हेड बिडाचं असतं, एकदम गार पाणी लागलं की त्याला केसासारखी चीर जाऊ शकते. पण गाडी चालू झाली, काटा खाली आला आणि मला वाटलं, सुटलो.

पुणं ओलांडलं आणि शिरवळजवळ ढाब्यावर चहाला थांबलो. गाडी खेचत नव्हती हे माझ्या पायाला कळत होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. ऑइलची पट्टी माझ्या हातापासून दोन पावलांवर होती. ती ओढून बघितली असती तर ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं असतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलंय. तिथंच गाडी उभी केली असती तर हेड आणि गॅस्केटवर निभावलं असतं.

मी पट्टी ओढली नाही. लोक समजतात मला कळलं नसेल. एकवीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला पांढरा धूर कळत नाही होय? मला कळत होतं, म्हणूनच मी बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं आणि थांबण्याएवढे पैसे माझ्याकडे नव्हते. चहा प्यायलो, देवाचं नाव घेतलं आणि स्टार्टर मारला.

खंबाटकी घाटाच्या मधोमध इंजिनातून घणाचे ठोके पडल्यासारखा आवाज आला आणि ते जागेवर जाम झालं. मागं गाड्यांची रांग लागली. त्या रात्री घाटाच्या कठड्यावर बसून मी काय काय विचार केला ते इथं सांगत नाही.

कराडला मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि मला शेजारी बसवून एकेक भाग हातात दिला. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधोमध चीर. बेअरिंगवरचा मऊ थर निघून तांबं दिसत होतं. कारण ऑइलमध्ये पाणी मिसळलं की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पापुद्रा टिकत नाही, मग लोखंड लोखंडावर घासतं. दोन पिस्टननी लायनरला धरलेलं. आणि एक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. लायनर बाहेरून, पाण्याच्या बाजूनं, मुंगीनं पोखरल्यासारखा झाला होता. मिस्त्री म्हणाले, इंजिन चालताना लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, ते बुडबुडे लोखंड खातात. कूलंटमधलं औषध त्याला आडवं येतं, नुसत्या पाण्यात ते नसतं. मग शांतपणे म्हणाले, “मालक, इंजिन एका दिवसात मरत न्हाई. त्ये दोन वर्सं सांगत हुतं.”

खर्च सांगतो, कारण या धंद्यात खर्च कुणी खरा सांगत नाही. क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात घासायला पाठवला, तो वीस थाऊत, म्हणजे अर्धा मिलिमीटर घासून जमला. सहाही लायनर-पिस्टन, बेअरिंग, नवं हेड, वॉटर पंप, ऑइल कूलर, टर्बोचं काम, गॅस्केट आणि मजुरी मिळून १,१८,०००. घाटातून गाडी ओढून आणायचे ७,५००. माल दुसऱ्या गाडीत भरून पोचवायचे ९,०००. गाडी तेवीस दिवस उभी, त्या महिन्याचा हप्ता २६,००० घरातून. एकूण १,६०,५००. चार हजारांचं काम टाळलं, त्याच्या चाळीसपट.

घरात होते बावीस हजार. सौभाग्यवतीच्या पाटल्या गेल्या. तरी साठ हजार कमी पडत होते. तेव्हा या वर्गातल्या एका मित्राकडे गेलो. त्यानं कागद केला नाही, व्याज बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पैसे आणून दिले. तो आत्ता इथं बसलाय. नाव घेऊ नकोस म्हणालाय, म्हणून घेत नाही.

त्याच दिवाळीत मी पाच हजारांचा पहिला हप्ता घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं विचारलं, “पुढच्या वेळी इंजिन बिघडलं तर काय करणार?” मी म्हटलं, “आता नाही बिघडणार.” तो हसला. म्हणाला, “असं कसं? चालणारी वस्तू झिजणारच. गाडी जेवढी पळते तेवढी झिजते, तर तेवढे पैसे रोज बाजूला काढ. आधी तो डबा, मग माझे पैसे.”

सर, तुम्ही पुढंच बसलाय म्हणून सांगतो. त्या रात्री मला तुमची एकमान पद्धत आठवली. बारा वह्यांची किंमत अमुक, तर एका वहीची किती? त्या गणिताला तुम्ही मला पट्टी मारली होती. मला वाटायचं, एकच वही घ्यायला जातंय कोण! पण ट्रकवाल्याचा सगळा धंदा त्या एका गणितात आहे. आम्ही खेपेचा हिशेब करतो. भाडं एवढं, डिझेल एवढं, टोल, जेवण, हमाली, दलाली, राहिले ते आपले. राहिलेल्यातला मोठा भाग आपला नसतोच, तो इंजिनाचा असतो. तो आपण खाऊन टाकतो आणि चार वर्षांनी इंजिन एकदम मागतं, तेव्हा आपण म्हणतो, संकट आलं.

मी वहीत मांडणी केली. पूर्ण इंजिनकाम १,२०,००० आणि नीट जपलं तर ते चार लाख किलोमीटर जावं. एका किलोमीटरला तीस पैसे. ऑइल आणि फिल्टर बदलायला पंचवीस पैसे. रेडिएटर, टर्बो, डिझेल पंप, क्लच यांना वीस पैसे. गाडी उभी राहील त्या दिवसांच्या हप्त्यासाठी पंचवीस पैसे. बेरीज झाली बरोबर एक रुपया.

पैसे ठेवायचे कुठं? माझ्या खिशात टिकत नाहीत हे घरी सगळ्यांना माहीत. म्हणून पतसंस्थेचं पिग्मी खातं उघडलं. मी रस्त्यावर असलो तरी एजंट दारात येणार आणि सौभाग्यवती पैसे भरणार. मी खेपेवरून आलो की ती केबिनमध्ये चढून मीटर बघायची आणि शंभर पानी वहीत आकडा लिहायची. मीटर तेराशेनं पुढं गेला की तेराशे रुपये काढून घ्यायची, मगच जेवण वाढायची. पहिले सहा महिने रुपया जमला नाही, आठ आणेच निघाले. पण निघाले.

खरा फरक पैशांत पडला नाही, आधी तो माझ्या डोळ्यांत पडला. डबा भरायला लागल्यावर मला पट्टी ओढायची भीती वाटेनाशी झाली. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, ऑइल बघायचं. खराब दिसलं तर दुरुस्तीचे पैसे आहेत, मग बघायला काय हरकत? काटा थोडा जरी वर गेला तरी गाडी बाजूला घ्यायला लागलो. ज्याच्याकडे दुरुस्तीचे पैसे नाहीत तो बिघाड शोधत नाही. एरवी हुशार असलेला ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीवर आंधळा का होतो, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे.

आपल्या वर्गातल्या दोघा-तिघांची मुलं आज गाडीवर आहेत, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, हवा. इंजिन डिझेल जेवढं पितं त्याच्या कितीतरी पट हवा ओढतं. ऊसतोडीच्या शिवारात आणि खडीच्या खाणीवर ती हवा म्हणजे नुसती धूळ. एअर फिल्टर ठीक असला तरी त्याच्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप फाटलेला असेल तर बारीक माती थेट लायनरवर जाते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. तो पाइप हात फिरवून बघत जा.

दुसरी, थर्मोस्टॅट. गाडी गरम झाली की पुष्कळ जण तो काढून फेकायला सांगतात. फेकू नका. पुष्कळ इंजिनांत तो काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि चढाला गाडी आणखी तापते. उताराला इंजिन गार राहून डिझेल जास्त जातं ते वेगळंच. बिघडला असेल तर नवा घाला, त्याची किंमत काहीशेच्या घरात असते.

तिसरी, टर्बो. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. टर्बोचा दांडा तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. इंजिन बंद झालं की तेल थांबतं, दांडा फिरतच असतो. दोन-तीन मिनिटं इंजिन सावकाश चालू द्या.

चौथी गोष्ट आपल्या शाळेतलीच, टिपकागद. शाईच्या पेनांच्या काळातली आपण मंडळी. पट्टीवरचा ऑइलचा एक थेंब टिपकागदावर सोडा आणि काही तास ठेवा. काळेपणा सगळीकडे सारखा पसरत गेला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि कडेला फिकट वर्तुळ राहिलं तर ते थकलंय. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण खर्च शून्य आहे.

आता नव्या गाड्यांबद्दल. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. माझी जुनी गाडी मी २०२१ मध्ये विकली आणि बीएस ६ घेतली. हवा स्वच्छ राहते, त्याबद्दल तक्रार नाही, धूर आमच्याच छातीत जात होता. पण हे इंजिन वेगळ्या स्वभावाचं आहे. डिझेल आत दीड-दोन हजार बारच्या दाबानं फवारलं जातं. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते साधारण आठ बार, म्हणजे दाब दोनशेपट. एवढ्या दाबाला बॅरलमधलं पाणी-कचऱ्याचं डिझेल चालत नाही, इंजेक्टर जातो. मला एका इंजेक्टरचा भाव पंचवीस हजारांच्या आसपास सांगितला होता. तेव्हापासून मी पंप बघून डिझेल भरतो आणि फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडतो.

दुसरं म्हणजे सायलेन्सरच्या जागी आता अख्खा कारखाना आहे. धुराची काजळी एका गाळणीत अडकते आणि गाडी वेगात पळाली की तापून जळते. साखर कारखान्याच्या दारात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहिलं तर ती जळत नाही, गाळणी तुंबते. त्यासाठी दिवा लागतो. दिवा म्हणजे नवी ऑइलची पट्टीच समजा. तो लागला की काही जण वर चिकटपट्टी लावतात. युरियाचं पाणी वाचवायला कुणी यंत्रणेला फसवणारी डबी बसवतात. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही हातची जाते. मला त्यात शिरवळचा माझाच चहा दिसतो. बघायचं नाही म्हणजे थांबावं लागत नाही.

या गाडीचं दुखणं कळायला संगणक लावावा लागतो, ते आमच्या जुन्या मिस्त्रींच्या हातात राहिलं नाही. बिलंही मोठी झालीत. म्हणून माझा डबा आता किलोमीटरला अडीच रुपयांचा आहे. एवढं काढून परवडत नाही असं ज्या भाड्यात दिसतं, ते भाडं मी घेत नाही. दलाल म्हणतो, दुसरा तयार आहे. असेल. तोही कधीतरी घाटात भेटेल आणि मी त्याला पाणी देईन, पण त्याच्या भावानं माल भरणार नाही.

जुन्या इंजिनाचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. ते पुन्हा उघडलं जुलै २०१४ मध्ये, ४,१२,००० किलोमीटर चालल्यावर. या वेळी बंद पडलं म्हणून नाही. ऑइल जास्त पीत होतं, म्हणून पावसाळ्यात भाडी मंद असताना ठरवून उघडलं. नऊ दिवस लागले, १,६४,००० बिल झालं. पिग्मीच्या खात्यातून पैसे दिले. कुणापुढं हात पसरला नाही. आणि उरलेल्या पैशांत पाटल्याही झाल्या, आधीच्या एवढ्या जाड नाहीत, पण झाल्या.

आता शेवटचं. मे २०१३ मध्ये आपला पंचवीस वर्षांचा मेळावा झाला. मी आलो नव्हतो. चेन्नईचं भाडं आहे असा निरोप दिला होता. भाडं नव्हतं. गाडी दारात उभी होती आणि मी घरात होतो. मित्राचे वीस हजार राहिले होते आणि त्याच्यासमोर पंगतीला बसायची माझी छाती झाली नाही. त्यानं एकदाही मागितले नव्हते. त्या दिवाळीला मी ते दिले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “वर्गाच्या फोटोत तू नाहीस, त्याचं वाईट वाटलं.”

इंजिनाची पट्टी बघायचं टाळलं तसंच मी मित्राचं तोंड बघायचं टाळलं. दोन्हीकडे नुकसान माझंच झालं. इंजिनाचं भरून आलं. तो फोटो मात्र माझ्याशिवायच राहिला.

तेव्हा या वर्गात कुणाचं काही राहिलं असेल, पैसे असोत, शब्द असो, तर त्यासाठी मेळावा चुकवू नका. आणि ज्यांच्या घरात गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी किल्ली फिरवायच्या आधी पट्टी ओढून बघा.

संध्याकाळी फोटो आहे असं संयोजक म्हणालेत. मी या वेळी पुढच्या रांगेत बसणार आहे, त्याच्या शेजारी.